फोन तुम्ही करा, जायचं की नाही ते बाबा ठरवतील

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका चाळिशीच्या आहेत. आई गेल्यापासून वडील त्यांच्याकडे राहतात. वय ६८, जुना मधुमेह, बीपीची गोळी चालू. काही महिन्यांपूर्वी रात्री वडिलांची छाती जड झाली, घाम फुटला. 'गॅस आहे, पडलो की बरं वाटेल' असं ते म्हणत होते, पण लेखिकेने रुग्णवाहिका बोलावली. घरीच ईसीजी झाला, हॉस्पिटलात एक रात्र ठेवलं, रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि 'हार्ट अटॅक नाही' असं सांगून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पुढे करायला सांगितलेल्या तपासण्या 'आता काय गरज' म्हणून राहूनच गेल्या. वडील मात्र तेव्हापासून नाराज आहेत. स्ट्रेचरवरून नेताना अख्खी बिल्डिंग जिन्यात उभी होती, हे त्यांना फार लागलं आहे. त्यांनी मुलीकडून शब्द घेतला आहे, 'मला विचारल्याशिवाय पुन्हा अँब्युलन्स बोलवायची नाही.' जवळच राहणाऱ्या मोठ्या भावाचं म्हणणं, वाट बघत बसण्यापेक्षा आपल्या गाडीतून वीस मिनिटांत पोचू. शेजाऱ्यांनी तीन गोळ्यांची पुडी आणून दिली आहे, 'छातीत दुखलं की लगेच द्या' म्हणून. लेखिका विचारतात, 'शब्द पाळू की मोडू? पुन्हा खोटा गजर ठरला तर बाबांचा माझ्यावरचा विश्वास संपेल. आणि मी गप्प बसले आणि काही झालं तर?'

प्रिय मैत्रिणी,

दिलेल्या शब्दाकडे येतेच, पण त्याआधी त्या रात्रीचा निकाल पुन्हा तपासू. तुमच्या घरात तो लागून गेलेला दिसतो. बाबा बरोबर, तुम्ही चूक. तुम्हीही तो मुकाट्याने मान्य केला आहे, नाहीतर पत्रात 'खोटा गजर' असं लिहिलं नसतं.

डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी जे कळलं, ते आदल्या रात्री घरात कुणालाच कळणं शक्य नव्हतं. बाबांनाही नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, पण ते वाढायला वेळ लागतो. म्हणून पहिली तपासणी चांगली आली तरी काही तासांनी ती पुन्हा करावी लागते. ईसीजीचंही तेच. अटॅक सुरू असताना काढलेला पहिला ईसीजी अगदी स्वच्छ दिसू शकतो आणि थोड्या वेळाने काढलेल्या दुसऱ्यात बदल उमटलेले असतात. आपत्कालीन विभागात काम करताना छाती दुखणाऱ्या माणसाला एकाच कागदावर विसंबून आम्ही घरी पाठवत नसू. एवढी यंत्रं, एवढी माणसं हाताशी असताना जे ठरायला रात्र गेली, ते बाबांनी पलंगावर बसून दोन मिनिटांत ठरवून टाकलं होतं. त्यांचा अंदाज खरा निघाला, एवढंच. अंदाज म्हणून तो कच्चाच होता.

छातीत दुखतंय म्हणून हॉस्पिटलात येणाऱ्या बहुतेकांना अटॅक नसतो. कुणाचं पित्त असतं, कुणाचा बरगडीजवळचा स्नायू आखडलेला असतो, कुणी प्रचंड घाबरलेलं असतं. ही सगळी यंत्रणा उभी केली आहे तीच हे धरून. अनेकांना तपासायचं आणि त्यातल्या बहुतेकांना घरी सोडायचं, हेच तिचं काम. तुम्ही तिचा गैरवापर केला नाहीत, जसा करायचा तसाच वापर केलात.

शिवाय 'अटॅक नव्हता' याचा अर्थ 'हृदय ठणठणीत आहे' असा होत नाही. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने एकदम बंद पडते. पण ती आतून अरुंद झालेली असेल, तर स्नायूला कायमची इजा न होताही छाती जड होऊ शकते, आणि त्या वेळी ट्रोपोनिन चांगलं येऊ शकतं. मधुमेही माणसाला घामासकट छातीवर दाब जाणवला आणि डिस्चार्जच्या कागदावरच्या तपासण्या तशाच राहिल्या, हे मला तुमच्या शब्दापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. त्यासाठी रुग्णवाहिका लागत नाही आणि शब्दही मोडावा लागत नाही. या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि जुना ईसीजी बरोबर न्या. बाबांशी पुढची सगळी बोलणी त्या भेटीनंतर सोपी होतील, कारण तुम्ही आणि ते असा सामना न राहता तिसरं माणूस मध्ये आलेलं असेल.

आता दादांची वीस मिनिटं.

हा हिशेब मी असंख्य नातेवाइकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो वेडगळ मुळीच नाही. गाडी दारात आहे, चालवणारा माणूस आहे, रस्ता पाठ आहे. मग कुणाची तरी वाट का बघायची? फक्त या हिशेबात एक गोष्ट न बोलता धरलेली आहे. उपचार हॉस्पिटलच्या दारात सुरू होतात, आणि तोवरचं सगळं म्हणजे नुसती वाहतूक.

एकेकाळी डॉक्टरही असंच धरून चालत. बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमधले हृदयरोगतज्ज्ञ फ्रँक पँट्रिज यांना त्यातली मेख दिसली. अटॅकच्या रुग्णांसाठी हॉस्पिटलांत खास विभाग निघत होते, पण मरणाऱ्यांतले कितीतरी जण त्या विभागापर्यंत पोचतच नव्हते. ते पहिल्या तासाभरातच, घरी किंवा वाटेत जात होते. बहुतेकांच्या बाबतीत कारण एकच असे. हृदयाचे कप्पे जोर लावून रक्त ढकलण्याऐवजी नुसते थरथरत राहतात आणि रक्ताभिसरण जागच्या जागी थांबतं. यावर उपाय आहे, तो म्हणजे विजेचा शॉक. पण शॉकचं यंत्र वॉर्डात आणि माणूस घरात. पँट्रिज यांनी १९६५ मध्ये मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं, जवळजवळ ७० किलो वजनाचं यंत्र तयार करून घेतलं आणि १९६६ च्या सुरुवातीपासून ते गाडीत घालून त्यांचं पथक थेट रुग्णाकडे जाऊ लागलं. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि जॉन गेडिस यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापले. आज ते यंत्र एका हाताने उचलता येतं. तुमच्या दारात जी गाडी आली होती, ती त्या ७० किलोंच्या धुडाची वंशज आहे.

त्यामुळे रुग्णवाहिकेची वाट बघणं आणि उपचारांची वाट बघणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पथक घरात शिरलं की उपचार घरात शिरले. रुग्णाशी पहिली गाठ पडल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघावा, असं जगभरातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. रक्तवाहिनी पूर्ण बंद असल्याची खूण त्यात दिसली (डॉक्टरांच्या बोलण्यात तुम्ही 'स्टेमी' हा शब्द ऐकला असेल), तर चांगली यंत्रणा असलेल्या ठिकाणी तो ईसीजी गाडीतूनच हॉस्पिटलला जातो. बाबा अजून रस्त्यात असतात आणि तिकडे अँजिओप्लास्टीची, म्हणजे बंद वाहिनी आतून फुग्याने उघडण्याची, टीम जमायला लागलेली असते. पोचल्यावर त्यांना आपत्कालीन विभागात थांबवायचीही गरज उरत नाही, स्ट्रेचर सरळ कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत जातं. दादांच्या गाडीतून गेलात तर वीस मिनिटांनी तुम्ही फाटकाशी पोचता. तिथून पुढे व्हीलचेअर शोधायची, नाव लिहायचं, कुणीतरी विचारणार 'काय होतंय?', मग ईसीजी. इकडे हृदयाच्या स्नायूचं घड्याळ बाबांना पहिल्यांदा दुखलं तेव्हाच सुरू झालेलं असतं.

आणखी एक. कोणत्या हॉस्पिटलात जायचं, हे घाबरलेल्या माणसाने स्टिअरिंगवर बसून ठरवण्याची गोष्ट नाही. रात्री-अपरात्री अँजिओप्लास्टी सगळीकडे होत नाही. सर्वांत जवळचं दार गाठलं आणि तिथे ती सोय नसली, तर पुन्हा रुग्णवाहिका, पुन्हा प्रवास, आणि हा दुसरा प्रवास ठरेपर्यंत जाणारा वेळ निराळाच. निदान झाल्यापासून साधारण १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यावं, असा नियम आहे. काही ठिकाणी ते रुग्णवाहिकेतच देतात. म्हणजे बंद वाहिनी उघडण्याचं काम रस्त्यातच सुरू होऊ शकतं.

दादांना मात्र मी हे सगळं ऐकवणार नाही. त्यांना एकच प्रश्न विचारेन. बाबा मागच्या सीटवर आहेत, तुम्ही गाडी चालवताय आणि आरशात त्यांची मान कलंडलेली दिसली. आता काय कराल? गाडी थांबवून त्यांना बाहेर काढून छाती दाबणार, की तसंच पुढे जाणार? दोन्हींपैकी काहीही केलं तरी शॉकचं यंत्र तिथे नाही. या प्रश्नापाशी बहुतेक माणसं थबकतात, चांगली गाडी चालवणारीसुद्धा.

हेही सांगितलंच पाहिजे की रुग्णवाहिका म्हणवणारी प्रत्येक गाडी अशी सुसज्ज नसते आणि ती सगळीकडे वेळेत येतेच असंही नाही. म्हणून आजच, सगळं ठीक असताना, चौकशी करा. तुमच्या भागात कोणता क्रमांक चालतो, येणाऱ्या गाडीत ईसीजी आणि शॉकचं यंत्र असतं का, साधारण किती वेळात येते, चोवीस तास अँजिओप्लास्टी कुठे होते. चौकशीत असं निघालं की गाडी यायला तास लागतो किंवा येणाऱ्या गाडीत स्ट्रेचरपलीकडे काहीच नसतं, तर दादांची गाडी हाच बरा पर्याय ठरेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण तेव्हाही आधी फोन करून विचारायचं, गाडीत चालवणाऱ्याखेरीज दुसरं माणूस बाबांजवळ हवंच, हॉस्पिटल आधीच ठरलेलं असावं आणि तिथे कळवून निघावं. बाबांनी जिना उतरायचा नाही, त्यांना खुर्चीत बसवून उचलायचं. स्वतः गाडी चालवत हॉस्पिटल गाठणारे महाभागही मी पाहिले आहेत. बाबांना तो मोह होईल असं वाटत असेल, तर किल्ल्या कुठे ठेवता ते बघा.

आता शब्द.

तुम्ही तो 'पाळू की मोडू' असा मांडला आहे, जणू दोनच वाटा आहेत. मला वाटतं बाबांनी तुमच्याकडून दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कबूल करून घेतल्या. एक म्हणजे, माझ्या शरीराबाबत माझ्यावर जबरदस्ती करू नका. दुसरी, मला विचारल्याशिवाय कुणाला बोलावू नका. पहिली मागणी शंभर टक्के रास्त आहे. शुद्धीवर असलेल्या, समजउमज असलेल्या प्रौढ माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे. पथक आलं, ईसीजी काढला, धोका समजावून सांगितला आणि तरीही बाबा 'मी येत नाही' म्हणाले, तर कुणी त्यांना उचलून नेणार नाही. दुसरी मागणी मात्र त्यांच्या शरीराबद्दलची नाही. तुम्ही कुणाला फोन करायचा, कुणाकडून सल्ला घ्यायचा, हे तुमचं क्षेत्र आहे. डोळ्यांसमोर माणूस घामाने भिजलाय आणि हातात फोन आहे, अशा वेळी हात बांधून बसायला सांगण्याचा हक्क वडिलांनाही नाही.

म्हणून शब्द चोरून मोडू नका, उघडपणे परत करा. या आठवड्यात, चांगल्या मूडमध्ये असताना, त्यांना सांगा, 'बाबा, मी तुम्हाला शब्द दिला तेव्हा घाईत दिला. तो मला पाळता येणार नाही. त्याच्याऐवजी दुसरा देते. तुम्हाला विचारल्याशिवाय कुणीही कुठेही नेणार नाही. आलेल्या माणसांशी तुम्ही स्वतः बोलाल. पण फोन मी करणार.' ते चिडतील. चिडू द्या. गुपचूप मोडलेला शब्द त्यांना जास्त लागेल, आणि तुम्हालाही.

दुखत असताना माणूस जे बोलतो, ते त्याचं विचारपूर्वक मत असतंच असं नाही, हेही लक्षात असू द्या. 'काही नाही, गॅस आहे' यात बऱ्याचदा निदान नसतं, भीती असते. हॉस्पिटलात पोचायला होणाऱ्या उशिरात सगळ्यांत मोठा वाटा रहदारीचा नसतो. पहिल्या दुखण्यापासून 'चला, फोन करू' असं ठरेपर्यंतचा वेळच सगळ्यांत जास्त खातो. बाबा एकटे नाहीत यात.

आणि त्यांच्या मनाला जे लागलं आहे त्याची थट्टा करू नका. बनियनवर, पाय उघडे, शेजाऱ्यांच्या नजरांमधून स्ट्रेचरवरून जाणं एखाद्या मानी माणसाला अटॅकपेक्षा भयंकर वाटू शकतं. त्यावर करण्यासारखं बरंच आहे. फोन करतानाच सांगता येतं की शक्य असेल तर गल्लीत शिरल्यावर भोंगा बंद ठेवा. ते ऐकतील याची खात्री नाही, पण विचारायला काय जातं? पलंगाजवळ एक शर्ट आणि पांघरूण ठेवा. शेजाऱ्यांपैकी एका विश्वासू माणसाला आधीच सांगून ठेवा की अशी वेळ आली तर लिफ्ट धरून ठेवायची आणि जिन्यातली गर्दी हटवायची. ज्या माणसाची लाज राखली जाते, तो पुढच्या वेळी लवकर 'हो' म्हणतो. हे मी कुठल्या अभ्यासाच्या आधाराने नाही, नुसतं बघून सांगते आहे.

फोन नेमका कधी करायचा, हाही वादाचा मुद्दा होऊ नये म्हणून आधीच ठरवून टाका. बाबा शांत बसलेले असूनही छातीतला दाब, जडपणा किंवा आवळल्यासारखं वाटणं पाच मिनिटांत ओसरलं नाही, तर फोन. सोबत घाम, दम, मळमळ, चक्कर असेल किंवा दुखणं जबडा, हात, पाठीकडे सरकत असेल, तर पाच मिनिटंही नाहीत. सिनेमातल्यासारखा छातीला हात लावून कोसळण्याचा प्रसंग येईल, असं गृहीत धरू नका. जुन्या मधुमेहात मज्जातंतू बोथट झालेले असू शकतात, त्यामुळे अटॅक येऊनही दुखणं सौम्य असू शकतं किंवा अजिबात नसू शकतं. नुसताच दम लागतो, अंग गार पडतं, पोटाच्या वरच्या भागात जळजळतं. वयस्कर माणसांत आणि बायकांतही असं चित्र बरेचदा दिसतं. तुम्ही स्वतःही चाळिशीच्या आहात, हे जाता जाता नोंदवून ठेवते. ढेकर आली, पित्ताची गोळी घेऊन बरं वाटलं, यावरून 'हृदयाचं नाही' असं ठरत नाही. जिभेखालच्या गोळीने बरं वाटलं यावरून 'हृदयाचंच आहे' असंही ठरत नाही.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर ती पुडी उघडू.

शेजाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण तिन्ही गोळ्या एका तागडीत तोलण्यासारख्या नाहीत. अशा पुड्यांत बहुधा अ‍ॅस्पिरिन, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आणि रक्त पातळ करणारी दुसरी एखादी गोळी असते. यातल्या अ‍ॅस्पिरिनची बाजू सगळ्यांत भक्कम आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या चाचणीत सतरा हजारांहून जास्त रुग्ण होते. अटॅकच्या वेळी अ‍ॅस्पिरिन सुरू केल्याने पहिल्या पाच आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणांनी होणारे मृत्यू जवळजवळ चतुर्थांशाने कमी झाले. एवढी साधी, जुनी गोळी. पण ती फोनच्या आधी द्यायची नाही, फोननंतर द्यायची. फोनवरच्या माणसाला विचारून, साधारण १५० ते ३०० मिलिग्रॅम, गिळायला न देता चावून. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटात चालू रक्तस्राव, नुकताच मेंदूत झालेला रक्तस्राव असेल तर नाही. आणि दुखणं अचानक, फाडल्यासारखं, थेट पाठीत घुसणारं असेल तरीही नाही. ते महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटल्याचं असू शकतं आणि तिथे रक्त पातळ करणं घातक ठरतं.

सॉर्बिट्रेट ही रक्तवाहिन्या सैलावणारी गोळी. ती बीपी खाली आणते, आणि अटॅकच्या काही प्रकारांत, विशेषतः हृदयाची उजवी बाजू सापडलेली असेल तेव्हा, बीपी इतकं पडू शकतं की माणूस उभ्या उभ्या कोसळतो. बाबांच्या डॉक्टरांनी ती त्यांच्या नावाने लिहून दिली असेल तरच, बसवून द्यायची, नाहीतर पुडीतून काढून टाका. एक नाजूक गोष्ट, जी मुलीला विचारणं जड जाईल. लैंगिक दुर्बलतेवरच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेतल्यावर किमान २४ तास, टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास ही गोळी चालत नाही, जीवावर बेतू शकतं. हा प्रश्न दादांनी किंवा डॉक्टरांनी त्यांना एकट्याला विचारावा. पथकाने विचारला तर तुम्ही खोलीबाहेर जा, म्हणजे ते खरं उत्तर देतील.

तिसरी गोळी कुणाला, केव्हा, किती, हे ईसीजी बघून ठरवायचं असतं. ती बाजूला काढा. बाबांच्या भेटीच्या वेळी ही पुडीच डॉक्टरांसमोर ठेवा आणि 'यातलं काय ठेवू' विचारा.

ऑक्सिजनबद्दल एक शब्द, कारण त्यावरून पथकाशी भांडणारे नातेवाईक पाहिले आहेत. रक्तातली ऑक्सिजनची पातळी चांगली असेल तर मास्क लावून अटॅकमध्ये फायदा होत नाही. स्वीडनमधल्या सहा हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासातून २०१७ मध्ये हे स्पष्ट झालं. पातळी ९० टक्क्यांच्या खाली असेल तर लावतातच. तेव्हा मास्क लावला नाही म्हणजे हलगर्जीपणा केला, असं समजू नका. आणि 'अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचेल' हा जो निरोप फोनवरून फिरत असतो, तो पुढे पाठवू नका. घरी एकट्या माणसासाठी त्याचा उपयोग नाही, फोन करण्यातला वेळ मात्र जातो.

एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि त्याचाच फोटो तुमच्या आणि दादांच्या फोनमध्ये ठेवा: बाबांचे आजार, चालू औषधं मात्रेसकट, अ‍ॅलर्जी, ठरवलेलं हॉस्पिटल, रुग्णवाहिकेचा क्रमांक, घराचा पत्ता खुणेसकट. मागच्या वेळच्या ईसीजीचाही फोटो हवा. नवा ईसीजी वाचणाऱ्याला जुना हाती असणं किती मोलाचं असतं, हे सांगून कळायचं नाही. कितीतरी बदल 'हे आधीपासूनच आहेत' असं कळल्याने निकालात निघतात. त्या कागदावर दादांचं कामही लिहा. त्यांनी खाली जाऊन फाटक उघडायचं, दिवा लावायचा, पथकाला वर आणायचं. हातात काम असलेला माणूस वाद घालत नाही.

पथक येईपर्यंत बाबांना पाठीला आधार देऊन, अर्धवट बसतं ठेवा. चालवायचं नाही, संडासलाही नाही. खायला-प्यायला काही नाही. एकटं सोडायचं नाही.

राहता राहिलं ते सगळ्यांत वाईट. हाक मारून, हलवून बाबांनी प्रतिसाद दिला नाही आणि श्वास थांबला किंवा मधूनच घोरल्यासारखे, आचके दिल्यासारखे श्वास येऊ लागले, तर तो श्वास नव्हे. लोक इथेच फसतात, 'श्वास चालू आहे' म्हणून थांबतात. त्यांना पलंगावरून कडक जमिनीवर घ्या. छातीच्या मध्यावर एका हातावर दुसरा ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. बरगडी मोडेल याची भीती बाळगू नका, मोडलेली बरगडी जुळते. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक शॉकने वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. तुम्ही आणि दादा दोघांनी हे एकदा प्रशिक्षणात जाऊन, पुतळ्यावर, घाम येईपर्यंत करून बघा. वाचून हाताला कळत नाही. इमारतीत किंवा कामाच्या ठिकाणी शॉक देण्याचं स्वयंचलित यंत्र असेल तर ते कुठे टांगलं आहे तेही बघून ठेवा. ते चालू केलं की काय करायचं ते स्वतःच बोलून सांगतं आणि गरज नसेल तर शॉक देत नाही.

फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवा. कुठे आहात ते सगळ्यांत आधी सांगा, म्हणजे मध्येच लाइन तुटली तरी गाडीला पत्ता मिळालेला असेल. पलीकडचा माणूस इतके प्रश्न का विचारतोय म्हणून चिडू नका, बऱ्याच ठिकाणी ते प्रश्न चालू असतानाच गाडी निघालेली असते. आणि 'आता ठेवा' असं तिकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नका.